तेविसाव्या नावानंतर

"पानं भिजलीच नाहीत धड. ही काय पानं म्हणायची? बुटाच्या खोक्याचे पुठ्ठे आहेत नुसते."

आई हे माझ्याशी बोलत नव्हती, पानांशी बोलत होती. चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी सकाळपासून उभ्या होतो. टेबलावर मक्याचं मळलेलं पीठ, लाल मिरचीत शिजलेलं डुकराचं मटण, आणि पाण्याच्या टबात कणसांची वाळकी पानं. रविवारसाठी चारशे तमाले करायचे होते. पानावर पीठ थापायचं, वर चमचाभर मटण, पान मिटायचं आणि उकडायला उभं करायचं. आईचे हात हे काम तिला न विचारता करतात. त्यामुळे तोंड मोकळं राहतं.

"आणि म्हणे रस्त्याला नाव देणार. मेल्यावर देतात रस्त्याला नाव. जिवंतपणी दिलं तर त्या माणसानं त्या रस्त्यावरनं चालायचं कसं? स्वतःच्याच अंगावर पाय देत?"

"आई, हे तू कुणाला सांगतेयस?"

"पिठाला. तू ऐकू नकोस."

रस्ता म्हणजे ॲव्हेन्यू अकरा. आमच्या लास पारास गावाच्या बाहेरून द्राक्षमळ्यांच्या मधून सरळ पूर्वेला जातो, डोंगर दिसेपर्यंत. या खोऱ्यात रस्त्यांना नावं नसतात, नंबर असतात. तर परवाच्या रविवारी अकरा नंबर काढून त्या जागी 'ओतिलिया बारिएंतोस मार्ग' अशी हिरवी पाटी लागणार होती. ओतिलिया एकोणऐंशी वर्षांची. शेतमजुरांसाठी तिनं काय केलं हे सांगत बसले तर तमाले राहतील. ती माझी माद्रिना, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातावर धरणारी धर्ममाता. त्या नात्यानं ती आणि आई एकमेकींच्या कोमाद्रे. पन्नास वर्षं दोघींनी एकमेकींना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

दार ढकलून ग्रासिएला आत आली. ओतिलियाची मुलगी. शाळेत शिकवते आणि सगळ्यांशी शाळेत असल्यासारखीच बोलते.

"कुकामावशी, किती झाले?" तिनं आईला विचारलं.

"मोजायला तू आहेस की."

"चायो, तुझी यादी झाली? आईला अक्षरं मोठी हवीत. मागच्या वेळेपेक्षाही मोठी. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेलाच आता." मग तिनं आवाज खाली आणला, तरी स्वयंपाकघर तेवढंच होतं. "ती म्हणते, ही शेवटची हजेरी. पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या कुणीतरी घ्यावी."

आईचा हात थांबला. अर्धं पान पिठानं भरलेलं, अर्धं कोरडं. मग परत चालू झाला.

हजेरी आमच्याकडे दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी असते. चळवळीत जे गेले त्यांची नावं ओतिलिया एकेक करून पुकारते, आणि प्रत्येक नावानंतर अख्ख्या हॉलनं मेलेल्याच्या वतीनं म्हणायचं, "हजर!" तेवीस नावं आहेत. कुणी संपात गोळी लागून गेलं, कुणी ट्रॅक्टरखाली. एक बाई फवारणीच्या विषानं. पाच जण तर नुसत्या उन्हानं, कारण मळ्यात सावली नव्हती आणि पाणी द्यायची मुकादमाला गरज वाटली नव्हती. यादी टाइप करून द्यायचं काम बारा वर्षांपासून माझ्याकडे. मी सहावीत शाळा सोडली. बाकी जे काही शिकले ते ओतिलियाच्या पत्रकांवर आणि वाचनालयातल्या खुर्चीवर.

ग्रासिएला गेल्यावर मी म्हटलं, "आई, अंपारोमावशीचं नाव घालू का?"

हे वाक्य मी अडतीस वर्षांत पहिल्यांदा बोलले. इतकं सोपं होतं, की मला स्वतःचाच राग आला.

"नको," आई म्हणाली.

"का?"

"ती बसमध्ये होती. बसमधल्यांची नावं यादीत नसतात."

"ही शेवटची हजेरी आहे."

"ऐकलं मी. बहिरे ते म्हातारे मानोंग इस्को आहेत, मी नाही. पाणी गरम कर. हे पुठ्ठे अजून भिजू देत."

* * *

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांची होते, आणि ॲव्हेन्यू अकराच्या कडेला झेंडा धरून उभी असायचे. द्राक्षांचा संप तिसऱ्या महिन्यात गेला होता. आम्ही रस्त्याच्या अलीकडे, मळा पलीकडे. पलीकडे जायला कोर्टाची बंदी. ओतिलिया गाडीच्या टपावर उभी राहून भोंग्यातून बोलायची. तिचा आवाज वेलींच्या चाळिसाव्या ओळीपर्यंत जायचा, असं म्हणत.

रोज पहाटे मुकादमाच्या बसा यायच्या. सीमेपलीकडून आणलेली माणसं. काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि आतल्या बायकांनी डोळ्यांपर्यंत रुमाल बांधलेले. रुमाल तर आम्हीही बांधायचो, धुळीसाठी, औषधासाठी, मुकादमाच्या नजरेसाठी. मळ्यात बाई डोळ्यांनी ओळखायची असते. पण त्या उन्हाळ्यात आम्हाला त्या रुमालांमागे डोळे दिसत नव्हते. 'संपफोडे' दिसत होते. ते रोज आत जाऊन आमचे घड तोडत होते, आणि आमचा संप त्या घडांसारखाच एकेक करून खोक्यात चालला होता.

मग एका गुरुवारी मिग्रावाल्यांच्या, म्हणजे बिनकागदाच्या मजुरांना पकडून सीमेपलीकडे धाडणाऱ्या पोलिसांच्या, हिरव्या गाड्या आल्या. त्या दुसऱ्या कुठल्याही बसकडे गेल्या नाहीत. सरळ एकोणीस नंबरच्या बसकडे गेल्या. चाळीस-एक माणसांना खाली उतरवून रांगेत बसवलं. आणि आम्ही काय केलं, तर टाळ्या वाजवल्या. हे मी लिहिते कारण मीही वाजवल्या. झेंडा काखेत धरून वाजवल्या. आईनंही वाजवल्या.

रांगेतल्या एका बाईनं रुमाल खाली ओढला आणि आमच्याकडे बघून हात हलवला. ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. अंपारोमावशी होती ती. आईची धाकटी बहीण, बावीस वर्षांची. मुकादमानं सीमेपलीकडच्या तिच्या गावात जाऊन तिला सांगितलं होतं, तुझ्या बहिणीच्या गावातलीच द्राक्षं आहेत, चल. संपाचं तिला काही सांगितलेलं नव्हतं. पत्र तिनं मुद्दाम टाकलं नव्हतं, बहिणीला चकित करायचं म्हणून.

आई धावली. बंदी मोडून, रस्त्याकडेचा चर ओलांडून. तोवर गाडीचं दार लागलं होतं.

अकराव्या दिवशी निरोप आला. परत यायला निघाली होती मावशी. या वेळी बस नव्हती, वाळवंटातून पायी. पाणी संपलं. तिच्या झग्याच्या शिवणीत आमचा पत्ता होता म्हणून आमच्यापर्यंत निरोप तरी पोहोचला.

मिग्राला बसचा नंबर कुणी कळवला हे गावात कुणी विचारलं नाही. युनियनच्या ऑफिसात फोन एकच होता, आणि त्याच्यापुढची खुर्ची एकाच बाईची. विचारायचं काय? ओतिलिया आमच्या घरी नऊ दिवस जपमाळेला आली. रोज सगळ्यांच्या आधी यायची, कॉफी करायची, कप विसळायची आणि सगळ्यांच्या शेवटी जायची. दहाव्या दिवशी आई परत रस्त्यावर उभी राहिली, झेंडा घेऊन. मी विचारलं तर म्हणाली, "घरी बसून काय करू? भांडी पुसू?"

दुसऱ्या वर्षीपासून हजेरी सुरू झाली. मावशीचं नाव त्यात नव्हतं. कुणी काही म्हटलं नाही. आईनंही नाही. पण माझी जागा नेहमी तिच्या शेजारी, त्यामुळे मला एक ठाऊक आहे जे बाकी हॉलला ठाऊक नाही. तेविसाव्या नावानंतर, 'हजर' म्हणून झाल्यावर, आईचे ओठ आणखी एकदा हलतात. आवाज नाही. नुसते ओठ.

सदतीस वर्षं मी ते ओठ बघत आले. आता ओतिलियानंतर दुसरं कुणी हजेरी घेणार, म्हणजे ते नाव घेण्याचा ज्या एकाच तोंडाला अधिकार होता, ते तोंड मिटणार.

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आत मी यादी छापली. सहा-सहा नावांची तीन पानं, चौथ्यावर पाच. मग एक पाचवं पान काढलं. त्यावर एकच नाव, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: अंपारो मेहिया. ते छापून यंत्रातून बाहेर येताना मी इकडेतिकडे बघितलं, चोरी करताना बघतात तसं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अगं चायो, शाई संपवशील." म्हटलं, संपू दे.

* * *

शनिवारी माद्रिनाकडे गेले. पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, पायात मुलग्याचे बूट, मांडीवर मांजर. माझी चाहूल लागल्यावर तिनं मान वळवली, उजवा डोळा माझ्याकडे यावा अशी.

"कोण, चायो? ये. ग्रासिएलानं मला उद्यासाठी गुलाबी झगा आणलाय. मी म्हटलं, माझं लग्न कुणाशी लावतेस?"

"गुलाबी छान दिसेल."

"खोटारडी. बस. पाटी बघितलीस का? म्हणे चमकते. अंधारातसुद्धा दिसते. मला उजेडात दिसत नाही ते सोड." मांजराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "त्यांना मी सांगितलं होतं, रस्ता नको. एखाद्या संडासाला द्या माझं नाव."

मी हसले. पण ती थट्टा नव्हती, किंवा पूर्ण थट्टा नव्हती. मळ्यात बायकांसाठी आडोसा आणि संडास असावा, एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं सहा वर्षं भांडण केलं होतं. त्याआधी आम्ही दोघी-तिघींनी चादर धरायची आणि एकीनं बसायचं. आखूड दांड्याचं खुरपंही तिनंच घालवलं. ते हातात असलं की दिवसभर कमरेत वाकूनच राहावं लागायचं, आणि कोण उभं राहिलं ते मुकादमाला लांबूनच कळायचं. ओतिलियानं तसली तीन खुरपी नेऊन राजधानीतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तुमची ही खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत याच्यानं खुरपून दाखवा, मग बोलू.

आणि आणखी एक, जे उद्याच्या भाषणात येणार नव्हतं. त्र्याऐंशी साली मिग्रावाले परत आले, एका छाटणीच्या टोळीवर. तेव्हा ही बाई त्यांच्या गाडीपुढे हात पसरून उभी राहिली होती. दोन फासळ्या गेल्या. सत्त्याऐंशी साली सरकार बिनकागदाच्या मजुरांना इथे राहायचे कागद द्यायला लागलं, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापुढे सात महिने रांग होती. तिनं एकालाही विचारलं नाही, की तू संपात कुठल्या बाजूला होतास. बसमधून आलेल्यांचे अर्ज तर तिनं स्वतःच्या हातानं भरले. माझ्यासमोर.

"आई कशी आहे?" तिनं विचारलं.

"तमाले करतेय. पानांवर चिडलीय."

"हं." मांजर उठून गेलं तरी तिचा हात मांडीवर तसाच हलत राहिला. "तुझी आई चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला तमाले करते. कधी मीठ कमी नाही, कधी तिखट जास्त नाही. मला वाटतं गं कधी कधी, एकदा तरी तिनं मीठ विसरावं. एकदा तरी खारट करून माझ्यापुढे आदळावेत."

पिशवीत माझ्या हाताखाली पाच पानं होती.

"यादी आणलीस?"

"उद्या देते. एक दुरुस्ती आहे."

"कसली दुरुस्ती? तेवीस तर नावं. मेलेली माणसं काय बदलतात होय?"

"माद्रिना—"

तिनं उजवा डोळा माझ्यावर ठेवला. मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारावं असं मला फार वाटत होतं. पण ती म्हणाली, "उद्या लवकर ये. तो झगा मागून बंद होतो. ग्रासिएलाचे हात थंड असतात."

* * *

रविवारी सकाळी आई इस्त्री करत होती. माझी पिशवी तिनं टेबलावरून खुर्चीवर ठेवली, आणि पानं बाहेर आली. मी आंघोळीहून आले तेव्हा तिनं ती नीट जुळवून परत आत सारलेली होती. नीट म्हणजे कडेला कड लावून. पाचवं पान तिनं बघितलं होतं, यात शंका नव्हती.

"आज तिचा दिवस आहे," आई इस्त्रीकडे बघत म्हणाली.

"आणि तुझा?"

"माझा गुरुवार होता."

पण पान तिनं काढून घेतलं नाही. चुलीत घातलं नाही. मी यावरून जे समजायचं ते समजले, आणि चुकीचं समजले असेन तर ते माझ्या माथी.

ॲव्हेन्यू अकरावर दोनशे माणसं होती. ऊन पांढरं पडलं होतं आणि दोन्ही बाजूंना वेली, घड उतरवायला आलेले. जिल्ह्याच्या साहेबांनी भाषण केलं. त्यांनी ओतिलियाला 'फुलासारखी नाजूक पण पोलादासारखी कणखर' म्हटलं. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "नाजूक? हिनं माझ्या मेव्हण्याला भोंगा फेकून मारला होता." मग दोरी ओढली, कापड गळून पडलं आणि पाटी दिसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. आईही. याच चराच्या काठावर, याच हातांनी. आईचं लक्ष पाटीकडे नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे ती बघत होती, जिथे माणसं रांगेत बसवली होती तिथे. आता तिथे वीस वर्षांच्या वेली आहेत.

हॉलमध्ये पंखे फिरत होते. पहिल्या रांगेत मानोंग इस्को, नव्वदीचे. फिलिपिन्सहून तरुणपणी आलेले, संपात सगळ्यांच्या आधी उतरले ते त्यांच्या टोळीतले. 'मानोंग' म्हणजे त्यांच्याकडे दादा. आता कान पार गेलेत, म्हणून ते ओतिलियाच्या ओठांवर नजर ठेवतात आणि ओठ मिटले की "हजर!" म्हणतात. मागच्या वर्षी पाद्रीबुवा खोकले, तेव्हाही म्हणाले होते.

मी माद्रिनाच्या हातात पानं दिली. पाचही. तिनं बोटांनी कड चाचपली. एवढंच.

ती उभी राहिली. गुलाबी झग्यात ती खरंच चांगली दिसत होती, हे तिला सांगायचं राहिलं. चष्मा तिनं डोळ्यांवर ठेवला नाही. काढून खिशात ठेवला आणि पानांकडे न बघता सुरुवात केली.

"सेवेरो आलानिस."

"हजर!"

"दोमितिला क्विंताना."

"हजर!"

ती पाठ म्हणत होती. अर्थातच पाठ म्हणत होती. सदतीस वर्षं दर ऑगस्टला तीच नावं म्हटल्यावर बाईला कागद कशाला लागेल? बारा वर्षं मी मोठी अक्षरं टाइप करत होते आणि ती मला वाईट वाटू नये म्हणून कागद हातात धरत होती. माझं पाचवं पान तिच्या हातात होतं आणि ते कुणी वाचणार नव्हतं.

सहा नावं झाली की मात्र ती सवयीनं एक पान मागे सारत होती. अठरा. एकोणीस. मानोंग इस्को एकदा आधीच "हजर!" म्हणाले, आणि मागे पोरी हसल्या. बावीस. तेवीस, ती फवारणीची बाई.

"हजर!"

माझ्या शेजारी आईचे ओठ हलले. आवाज नाही.

माद्रिनानं चौथं पान मागे सारलं. पुढे तिचं नेहमीचं वाक्य असतं, 'आणि ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत ते सगळे.' ते ती म्हणणार, एवढ्यात तिचा अंगठा थांबला. हातात अजून एक पान होतं.

तिनं ते डोळ्याजवळ नेलं. उजव्या डोळ्याजवळ, इतकं जवळ की कागद नाकाला लागला. पंखे फिरत होते. पहिल्या रांगेतून ग्रासिएला मान वळवून माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की मी एका एकोणऐंशी वर्षांच्या बाईला, जिनं मला वाचायला शिकवलं, तिच्या मानाच्या दिवशी दोनशे माणसांपुढे वाचायला लावतेय. ती पान घडी करून खिशात घालू शकत होती. तिला दिसलं नाही असं म्हणू शकत होती. सगळ्यांनी मान्य केलं असतं.

तिनं कागद खाली घेतला.

"अंपारो मेहिया," ती म्हणाली.

कुणी काही बोललं नाही. दोनशे माणसं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी मान खाली घातली. ज्यांना ठाऊक नव्हतं ती पोरंसोरं आईबापांकडे बघायला लागली, म्हणू की नको म्हणून.

"हजर!" मानोंग इस्को म्हणाले, मोठ्यानं, नेहमीसारखं. त्यांना फक्त ओठ मिटलेले दिसले होते.

या वेळी कुणी हसलं नाही.

आणि मग माझ्या शेजारून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाजासकट, आई म्हणाली, "हजर." उभी नाही राहिली. हातातला रुमाल मुठीत धरून, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत म्हणाली.

माद्रिनानं टेबलाची कड धरली. ग्रासिएला उठायला लागली तर तिनं हातानं तिला बसवलं. मान वळवली, उजवा डोळा आमच्या रांगेकडे यावा अशी, आणि शोधत राहिली. तिला आम्ही दिसत असू असं मला वाटत नाही. पण आवाज कुठून आला ते तिला कळलं होतं. भोंग्याशिवाय, अगदी साध्या आवाजात ती बोलली. तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"हे नाव यादीत नव्हतं, कारण ते घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. ती माणसं आपलीच होती. त्या गुरुवारी एकोणीस नंबरच्या बसचा फोन मी केला होता, कुका. मी."